सुरतला जाताय? एक दिवस जास्त काढा

लग्न ठरलं की खानदेशातली निम्मी घरं बस्ता बांधायला सुरत गाठतात. नाशिक, पालघर, ठाणे इकडचीही कमी नाहीत. स्टेशनवर उतरायचं, रिक्षानं रिंग रोड गाठायचा, चार-पाच मार्केटं पालथी घालायची, संध्याकाळी पिशव्या सांभाळत परतीची गाडी पकडायची. एवढ्यात सुरत पाहिली असं म्हणता येत नाही. माझं आग्रहाचं सांगणं असं की कपड्यांच्या खरेदीला एक दिवस द्या आणि त्याला जोडून आणखी एक दिवस फक्त शहरासाठी ठेवा. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून ज्या गावाचं नाव आपण ऐकत आलो, ते गाव पायी हिंडून पाहायची सोय असताना बाजारातून परत फिरणं मला पटत नाही.

आधी वार ठरवा, कारण सुरतेत सगळं वारावर अवलंबून आहे. रिंग रोडची घाऊक कापड मार्केटं रविवारी बंद असतात. महापालिकेची संग्रहालयं, प्राणिसंग्रहालय, मत्स्यालय ही सहसा सोमवारी बंद असतात. म्हणून शनिवार खरेदीचा आणि रविवार भटकंतीचा, हा हिशेब उत्तम बसतो. दिवाळीनंतर लगेच जाऊ नका. लाभपंचमीपर्यंत व्यापारी दुकान उघडत नाहीत, कामगार गावाला गेलेले असतात, शहर ओस पडलेलं दिसतं. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायणाचे पतंग बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण ते दोन दिवस खरेदीचं नाव काढू नका. सगळं शहर गच्चीवर असतं. त्या दिवसांत दुचाकीवर फिरायची वेळ आली तर गळ्याभोवती रुमाल घट्ट बांधा. सुरती मांजा धारेसाठीच प्रसिद्ध आहे. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यांत तो रस्त्याच्या कडेला दोरा ताणून, रंग आणि काचेची लुगदी हातानं चोळून बनवताना दिसतो.

ऋतूबद्दल बोलायचं तर डिसेंबर-जानेवारीला तोड नाही. हवा सुखाची असते आणि वर्षात एरवी न मिळणारं खाणं तेव्हाच मिळतं. एप्रिल-मेमध्ये समुद्राची दमट हवा आणि ऊन दोन्ही अंगावर येतात.

मुंबईहून सुरत रेल्वेनं २६३ किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून फ्लाइंग राणी पकडली की रात्री सुरतेत मुक्कामाला पोचता येतं. सकाळी निघायचं असेल तर वंदे भारत किंवा शताब्दी आहेच. खानदेशातून जळगाव–अमळनेर–नंदुरबार–नवापूर ही तापीच्या खोऱ्यातली जुनी लाइन सरळ सुरतेला नेते. तिकीट काढताना मात्र गाडी सुरतला थांबते की उधन्याला, हे नीट बघा. सुरत स्टेशनच्या पुनर्बांधणीमुळे काही गाड्या उधन्याकडे वळवल्या आहेत. म्हातारी माणसं आणि सामान सोबत असताना ऐन वेळी हे कळलं तर फार त्रास होतो.

आता भटकंतीचा दिवस. सकाळी लवकर चौक बाजारात जा, तापीच्या काठावर किल्ला आहे तिथे. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांनी बेजार झाल्यावर गुजरातच्या सुलतान महमूद तिसऱ्याच्या हुकमावरून खुदावंद खानानं तो बांधवला आणि १५४६ मध्ये काम पुरं झालं. सह्याद्रीतले गड बघायची सवय असलेल्या डोळ्यांना तो आधी छोटाच वाटतो. सपाट जमीन, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, मध्ये चौक. पण भिंतीची जाडी जवळ जाऊन पाहा. तोफांच्या काळासाठी बांधलेला, बंदराकडे येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणारा हा किल्ला आहे. डोंगराच्या आधारानं उभ्या असलेल्या आपल्या गडांशी त्याची तुलनाच करू नये. गेल्या काही वर्षांत महापालिकेनं त्याचा नेटका जीर्णोद्धार केला आणि आत दालनं मांडली. तिकीट काढून दीड-दोन तास सहज जातात.

मराठी माणसानं इथे थोडं थांबावं. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल सुभेदार इनायत खान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला. महाराजांचा तळ बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर होता. निरोप पाठवूनही खंडणी घेऊन कोणी पुढे आलं नाही. उलट इनायत खानाकडून बोलणीसाठी म्हणून आलेल्या माणसानं महाराजांवरच हत्यार चालवलं. त्यानंतर चार दिवस शहरातली श्रीमंत घरं रिकामी होत होती. त्यात वीरजी व्होरासारखा, त्या काळच्या जगातल्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांत गणला जाणारा सावकारही होता. शाइस्तेखानाच्या तीन वर्षांच्या मुक्कामानं उजाड झालेल्या मुलखाची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करायची, असा तो हिशेब होता. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. परतताना वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी जी लढाई झाली, ती याच दुसऱ्या स्वारीनंतरची. नाशिककडच्या वाचकांना ती ठाऊक असेलच.

पहिल्या स्वारीनंतर औरंगजेबानं शहराभोवती विटांचा कोट घालायचा हुकूम दिला. पुढे त्याच्या बाहेर आणखी एक कोट झाला. आज कोट नाहीत, दरवाजेही बहुतेक गेले, पण दिल्ली दरवाजा, लाल दरवाजा, सहारा दरवाजा, कतारगाम दरवाजा ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी पक्की आहेत. नकाशावर ही नावं एकेक करून जोडलीत तर जुनं शहर केवढं होतं ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

किल्ल्यावरून निघून कतारगाम दरवाजाकडे जा आणि इंग्रज व डच दफनभूमी विचारा. सुरतेतलं माझ्या मते सर्वांत मोलाचं ठिकाण हेच, आणि इथेच सर्वांत कमी माणसं फिरकतात. आत शिरल्यावर पहिला विचार मनात येतो तो, या कबरी आहेत की एखाद्या सुलतानाचे मकबरे? घुमट, कमानी, खांब, कोपऱ्यांतले मनोरे, सगळी घडण इथली. आत झोपलेले मात्र लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या कंपन्यांचे नोकर. परक्या बंदरात आपला दिमाख दाखवायचा तर तो इथल्या लोकांना कळेल अशा भाषेत दाखवावा लागतो, हे त्या व्यापाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

इंग्रजांच्या बाजूची सर्वांत भव्य वास्तू ऑक्झिंडेन बंधूंची. क्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला, त्याचा भाऊ सर जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज ऑक्झिंडेन म्हणजे १६६४ मध्ये इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख. मूठभर माणसं आणि बंदुका घेऊन त्यानं वखार राखली आणि बक्षीस म्हणून औरंगजेबानं इंग्रजांची जकात वर्षभरासाठी माफ केली. मुंबई बेट कंपनीकडे आल्यावर तिथला कारभारही त्याच्याच हाती आला. आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील म्हणून जो हेन्री ऑक्झिंडेन हजर होता, तो याचाच पुतण्या. ज्या घराण्यातल्या काकानं महाराजांविरुद्ध वखारीचे दरवाजे लावून घेतले, त्याच घराण्यातला पुतण्या दहा वर्षांनी नजराणा घेऊन गड चढला. मुलांना सोबत नेलंत तर ही गोष्ट त्यांना त्या घुमटाखाली उभं करून सांगा.

डचांकडचा मोठा मकबरा हेन्ड्रिक व्हॅन रीड या सरदाराचा. तो १६९१ मध्ये गेला. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्यानं तयार करवून घेतला. केरळातले वैद्य आणि कोकणी पंडित त्या कामात होते आणि कोकणी पंडितांचं निवेदन नागरी लिपीतच त्यात छापलं आहे. नागरी अक्षरं छापली गेल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. दुमजली, खांबांवर उभ्या असलेल्या त्या मकबऱ्याची सावली दुपारीही थंड असते. या दोन्ही जागा पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत. फाटक बंद दिसलं तर लगेच परत फिरू नका, आजूबाजूला राखणदाराची चौकशी करा. पाण्याची बाटली जवळ ठेवा, कारण आत काही मिळत नाही. पावसाळ्यात गवत वाढतं, तेव्हा पायांत बूट हवेत.

वाटेत मुगलीसरा लागतो. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये बांधलेली ही प्रवाशांची सराई. सुरत हे मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचं बंदर होतं, ते जहाजाची वाट बघत इथे उतरत. आज ती महापालिकेची मुख्य कचेरी आहे. पावणेचारशे वर्षांच्या इमारतीत करभरणा चालतो हेच पाहण्यासारखं. रविवारी बाहेरूनच बघावी लागते.

गोपीपुऱ्यात कवी नर्मदचं घर जपून ठेवलं आहे. ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश एकहाती रचणारा आणि विधवाविवाहासाठी समाजाशी भांडणारा हा माणूस आपल्या लोकहितवादींच्या, विष्णुशास्त्री पंडितांच्या जातकुळीचा. तासाभराचं काम आहे, सवड असेल तर जा. गोपी तलावासाठी मात्र संध्याकाळ ठेवा. सोळाव्या शतकात मलिक गोपी या धनवान कारभाऱ्यानं तो खोदवला. मध्यंतरी तो कोरडा ठणठणीत पडला होता, महापालिकेनं तो पुन्हा भरून भोवती बाग केली. आता तिथे नाव फिरते, दिवे लागतात, कुटुंबं येतात.

डिसेंबर १९०७ मधलं काँग्रेसचं अधिवेशनही सुरतेतलं. ते खरं नागपूरला व्हायचं होतं. लोकमान्यांच्या माणसांचा जोर तिथे जास्त म्हणून ते सुरतेला हलवलं, आणि भर मंडपात एक पुणेरी जोडा व्यासपीठावर भिरकावला गेला. जहाल-मवाळ वेगळे झाले ते तेव्हा. मंडपाची खूण शोधत बसू नका, पण तापीच्या काठानं चालताना हे मनात असू द्या.

आता खाणं, आणि इथे मी घाई करणार नाही. सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, अशी म्हण सगळ्या गुजरातेत आहे. सकाळची सुरुवात लोचोनं करा. हरभऱ्याच्या डाळीचं वाटलेलं पीठ खमणापेक्षा पातळ ठेवून वाफवतात. खमणाच्या वड्या पडतात, लोचोच्या पडत नाहीत. दुकानदार वाफेच्या ताटातून पळीनं तो मऊ गोळा उलथून प्लेटमध्ये टाकतो, वर कच्चं तेल किंवा लोणी सोडतो, मग मिरपुडीचा मसाला, बारीक शेव, कांदा आणि हिरवी चटणी. खमण करताना बिघडलं आणि लोचो झाला, असं सुरती माणूस अभिमानानं सांगतो. तो वाफाळता असतानाच खायचा, बांधून घ्यायचा नाही. गार झाला की त्यात काही उरत नाही. ज्या दुकानासमोर सकाळी आठला स्कूटरींची रांग आहे तिथे शिरा, नावाची पाटी बघत हिंडू नका.

हिवाळ्यात गेलात तर पोंक चुकवू नका. आपल्या हुरड्याचा हा सख्खा भाऊ, फक्त दाणा बारीक, हिरवागार आणि कोवळा. हुरडा आपण शेतात आगटीभोवती बसून खातो. पोंक मात्र भाजून, झोडपून, पाखडून वजनावर विकतात. तापीपलीकडे अडाजणच्या बाजूला हंगामात विक्रेत्यांचे तंबू लागतात. लिंबू-मिरीची शेव आणि साखरेचे दाणे यांच्यासोबत तो खातात, शेजारी गरम पोंकवडे तळत असतात. पोंक त्याच दिवशी संपवा, गावी न्यायचा असेल तर निघायच्या वेळी घ्या. उंधियूही याच दिवसांतलं. सुरती उंधियू लाल तिखट नसून हिरवं असतं: पापडी, कंद, रताळी, छोटी वांगी, मेथीचे मुठिये आणि ओला लसूण. तेल पाहून दचकू नका, ते तसंच असतं.

घारी हे मावा, पिस्ता आणि तुपाचं मिष्टान्न. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, सुरतेत लोक घारी आणि भुसू हा चिवड्यासारखा तिखट प्रकार घेऊन रात्री रस्त्याच्या कडेला सहकुटुंब जेवायला बसतात. त्या रात्री शहरात असण्याचा योग आला तर हॉटेलच्या खोलीत बसू नका. एकट्यानं पूर्ण घारी संपवायचा हट्ट मात्र नको, दोघांत एक पुरते. नानपुऱ्यातल्या दोटीवाला बेकरीची नानखटाई आणि बटर बिस्किटं टिकाऊ आहेत, भेट म्हणून न्यायला तीच बरी. डच वखारीच्या भट्टीपासून आपला वारसा सांगणारं हे पारशी घराणं. आणि रांदेर. तापीच्या उत्तर काठावरचं हे गाव सुरतेहून जुनं बंदर, १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं. तिथली आलूपुरी खा: चपट्या छोट्या पुऱ्यांवर वाटाणा-बटाट्याचा रस्सा आणि कोकमाची चटणी. ब्रह्मदेशात व्यापार करून परतलेल्या कुटुंबांनी आणलेला खावसा हा नूडल्सचा पदार्थही रांदेरचाच.

शनिवारच्या खरेदीविषयी थोडं. रिंग रोडची मार्केटं घाऊक आहेत. बऱ्याच दुकानांत पाच-सहा साड्यांचा सेट घ्यावा लागतो. बस्त्यात मानपानाच्या साड्या लागतातच, तेव्हा तिथे सेट परवडतो. एकेक नग निवडायचा तर बॉम्बे मार्केट किंवा चौटा बाजार गाठा. मात्र सुरत हे जॉर्जेट, शिफॉन, छापील कापडाचं, यंत्रमागाचं शहर आहे. पैठणीसाठी येवल्यालाच जा. गंमत अशी की येवल्याच्या पैठणीत जी जर विणली जाते ती बहुधा सुरतेहून आलेली असते. चांदीची तार ओढून केसासारखी बारीक करायची, ठोकून चपटी केली की तो बादला, तो रेशमावर गुंडाळून वर सोन्याचं पाणी द्यायचं. ही अस्सल जर. तांब्याची आणि प्लास्टिकची जर त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. दुकानदाराला थेट विचारा, चांगला व्यापारी धागा उसवून आतला गाभा दाखवतो: अस्सलात रेशीम निघतं.

हिरे घ्यायचे नसले तरी महिधरपुऱ्याची हिरा बाजाराची गल्ली कामाच्या दिवशी पाहून या. स्कूटरच्या सीटवर, दुकानाच्या पायरीवर माणसं पुड्या उघडून बसलेली असतात. पांढऱ्या कागदाची घडी, आत निळसर कागद, त्यावर ज्वारीच्या दाण्याहून लहान हिरे. चिमट्यानं एक उचलायचा, भिंगाशी धरायचा, दिवसाच्या उजेडात फिरवायचा, परत ठेवायचा. बोलणं कमी, सौदा विश्वासावर. मध्ये शिरू नका आणि कोणाच्या पुडीचा फोटो काढू नका. खजोदला डायमंड बोर्सची प्रचंड इमारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, पण गल्लीतला हा बाजार हलायला तयार नाही.

लहान मुलं असतील तर दुपारी सिटीलाइटचं सायन्स सेंटर बरं: तारांगण, हाताळायची यंत्रं आणि १८९० पासूनचं जुनं सरदार संग्रहालय एकाच आवारात. पालचं मत्स्यालय आणि सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय यांपैकी एकच निवडा, शहराच्या दोन टोकांना आहेत. सरथाण्यात पाणमांजरं आवर्जून बघा.

डुमसचा समुद्र काळ्या वाळूचा. पोहायला तो नाहीच. भरती-ओहोटीचा वेग मोठा आणि ओहोटीत चिखल. संध्याकाळी जा, टोमॅटोची भजी खा, दिवे लागायच्या सुमारास परत फिरा. भुताखेतांच्या कहाण्यांसाठी रात्री थांबणाऱ्या तरुणांना मी सरळ नको म्हणेन. किनारा ओसाड असतो आणि परतायला वाहन मिळत नाही. समुद्र मोकळा हवा असेल तर हजिऱ्यापलीकडचं सुवाळी. तापीच्या गाळामुळे मोठी जहाजं शहरापर्यंत येत नसत, ती इथे नांगर टाकत. १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं ते याच पाण्यात. १६१५ मध्ये सर टॉमस रो इथेच उतरून जहांगीरच्या दरबाराकडे निघाला.

तिसरा दिवस हाताशी असेल तर नवसारीमार्गे दांडीला जा. मिठाच्या सत्याग्रहाचं राष्ट्रीय स्मारक जानेवारी २०१९ मध्ये खुलं झालं, त्याच्या आखणीचं काम आयआयटी मुंबईनं पाहिलं. यात्रींचे पुतळे ओळीनं चालत आहेत, त्यांत मिसळून चालता येतं. या यात्रेत भजनं म्हणत चालणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक.

भाषेची काळजी करू नका. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी घराघरांत बोलली जाते. यंत्रमागाच्या कामानं आलेली खानदेशी कुटुंबं तिथे दोन-तीन पिढ्या रुजली आहेत. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, श्रावणात कानबाईची मिरवणूक निघते. तुमचेही कोणी नातलग तिथे असतील. त्यांच्याकडे फक्त रात्रीचा मुक्काम टाकण्यापेक्षा रविवारी त्यांनाच सोबत घ्या. कारखान्याच्या पाळीमुळे कित्येकांनी किल्ला आतून पाहिलेलाच नसतो.

गुजरातेत दारूबंदी आहे. सीमेवर गाड्या तपासतात, तेव्हा बाटली बरोबर नेऊच नका. कचरा रस्त्यावर टाकू नका. १९९४ च्या प्लेगनंतर या शहरानं स्वतःला घासूनपुसून उभं केलं आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीनं पहिला क्रमांक घेतला. तिथली माणसं आता कोणी थुंकलं तर तोंडावर बोलतात.

धुळे-नंदुरबारकडे मोटारीनं परतणार असाल तर सकाळी लवकर निघा. वाटेत बारडोलीला सरदार पटेलांचा स्वराज आश्रम आहे, १९२८ च्या शेतकऱ्यांच्या साराबंदीचं ठाणं. पुढे सोनगडला पिलाजीराव गायकवाडांचा डोंगरी किल्ला. बडोद्याच्या गायकवाडांचं राज्य तिथून वाढलं. चढण फार नाही, पण दुपारचं ऊन टाळा, आणि तिथून उकाईचं धरण जवळच आहे म्हणून त्यालाही तासभर धरून ठेवा. नवापूरची हद्द दिवसाउजेडी ओलांडता येईल.